धनगराची वाट

पाऊस रुसला म्हणजे कुणबी आभाळाकडे पाहत बसतो. फलटणकडचा धनगर बिऱ्हाड घोड्यावर लादून वाट धरतो. खुर्चीवरचे शहाणे ह्यास भटकेपणा म्हणतात! अहो, कोंकणच्या पावसांत मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून पावसाळा देशावरच्या कोरड्या माळावर; आणि माळ करपला कीं दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कापल्या भातशेतांत. हें पिढ्यान्‌पिढ्यांचें शास्त्र आहे. मेंढरें रात्रभर बसलीं कीं शेत लेंडी-मुतानें पोसतें, धनगरास धान्य वा पैसा मिळतो. ह्याच लोकरीवर सनगराचा घोंगडीचा माग चालला.

१८७८ च्या जंगल कायद्यानें रानें राखीव होत गेलीं आणि मेंढपाळ आपल्याच वाटेवर गुन्हेगार ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें भटक्या पशुपालकांची हंगामी चराई हक्क म्हणून मानली खरी. पण दावा ग्रामसभेंत करावा लागतो, आणि तेव्हां धनगर असतो दुसऱ्याच मुलखांत! खत घेतांना तो आपला आणि कागद करतांना परका, हा कुठला न्याय? त्याच्या दाव्याची पडताळणी तो हजर असतांनाच व्हावी, असें नियमांतच लिहिलें आहे. तेव्हां कुणबी बांधवांनो, मेंढरें शेतांत बसलीं असतील त्याच दिवसांत ग्रामसभा मागा, आणि त्या धनगरास सोबत घेऊन जा.