मॅटवर मेण कोण फासतं?

गाड्यांवर ग्राफिक्स चिकटवणं हा माझा धंदा आहे. गावात आम्हाला अजूनही रेडियमवालेच म्हणतात. दसरा उलटला की दुकानासमोर एकाच तक्रारीच्या गाड्या येऊन उभ्या राहतात. बोनेटवरच्या काळ्या मॅट पट्ट्यावर पांढुरके फराटे, अक्षरांच्या कडांना पांढरी रेघ, मध्येच तेलकट चकाकणारे चट्टे. मालक रागाने म्हणतो, “तुमचं मटेरियल खराब निघालं.” मटेरियलला काहीही झालेलं नाही. सणाआधी गाडी धुवायला दिली तेव्हा त्यावर मेण फासलं गेलं, आणि फासणाऱ्याने वर ‘वॅक्स पॉलिश’चे वेगळे पैसे घेतले.

डाग काढायची रीत मी पुढे सांगणारच आहे. पण आधी तो पाडतं कोण, हे बोलायला हवं, कारण त्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही.

मॅट फिल्मवर चमक चढवायची राहून गेलेली नसते. ती मुद्दाम तशी बनवलेली असते. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खळगे आणि उंचवटे असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून ती चमकत नाही. चकाकी मोजायच्या यंत्रात घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या काळ्या काचेची चकाकी १०० च्या आसपास धरतात. नेहमीच्या ६० अंशांच्या कोनातून मोजताना आकडा १० च्या खाली गेला, तर ८५ अंशांच्या तिरप्या कोनातून मोजावं लागतं. मॅट फिल्म बहुधा याच टप्प्यात येते. माणसांनी कारखान्यात खपून हा खडबडीतपणा आणलेला असतो, आणि आपल्याकडे तो एका फडक्यात बुजवला जातो.

पाट्याला टाकी लावलेली असते आणि न धुता ठेवला तर त्या टाक्यांत वाटण भरून बसतं, तसं मेण त्या खळग्यांत जाऊन बसतं. वरचा थर सपाट होतो आणि सपाट झाला की चमकतो. जिथे जाड राहिलं तिथे ते वाळून पांढरं पडतं. कार्नोबा नावाचं उत्तम मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. ते ८० अंशांच्या वर वितळतं, म्हणजे आपल्या उन्हात आपोआप वाहून जात नाही. चकचकीत रंगाला ते चांगलं. मॅटवर त्याचं काहीएक काम नाही.

आणि बोनेटवरचा काळा मॅट पट्टा निव्वळ नखऱ्यासाठी आलेला नाही, हेही एकदा समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँगसारख्या लढाऊ विमानांच्या नाकावर, वैमानिकाच्या काचेसमोर, मॅट रंगाचा पट्टा असे. धातूवरून परावर्तित झालेलं ऊन त्याच्या डोळ्यांत जाऊ नये, एवढ्यासाठी. १९७० च्या दशकातल्या कित्येक रॅली गाड्यांची बोनेटं याच कारणाने काळी मॅट होती. जीप कंपास ट्रेलहॉकच्या बोनेटवरचा काळा पट्टा त्याच घराण्यातला. संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून गाडी चालवणाऱ्याला त्याचा उपयोग कळतो. त्या पट्ट्याला मेणाने चमकवणं म्हणजे ज्या कामासाठी पैसे मोजले तेच काम मोडून टाकणं.

आता वॉशिंग सेंटरवाल्यांकडे येतो. फोम वॉश, वॅक्स, टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश, सगळं सगळ्या गाड्यांना सारखंच. जो पोरगा फडकं फिरवतो त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या हातात एक बाटली आणि एक फडकं देऊन “गाडी चमकली पाहिजे” एवढंच सांगितलेलं असतं. बाटलीवरची सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असते, ती त्याला कोणी वाचून दाखवलेली नसते. राग आहे तो गल्ल्यावर बसलेल्या मालकावर. मॅट फिल्म बनवणाऱ्या कंपन्या मॅटवर मेण लावू नका म्हणून स्पष्ट छापतात. हा माणूस वर्षानुवर्षं गाड्यांच्या देखभालीवर कमावतो आणि एवढं वाचायचे कष्ट घेत नाही. हे अज्ञान नाही, हा निर्लज्जपणा आहे. गाडी आत घेताना “बोनेटवर काय आहे?” एवढं विचारायला किती वेळ लागतो?

आता तर कारखान्यातूनच मॅट रंगाच्या गाड्या निघतात. २०२३ मध्ये स्कोडा कुशाकची मॅट आवृत्ती बाजारात आली, आणि ही गाडी आपल्या चाकणलाच तयार होते. म्हणजे मॅट ही आता चार हौशी लोकांची गोष्ट उरलेली नाही. धुणाऱ्यांचं फडकं मात्र तेच आहे.

माझ्या धंद्यातल्या लोकांनाही मी सोडणार नाही. स्वस्तातली कॅलेंडर्ड फिल्म, म्हणजे रुळांमधून दाबून ताणलेली, हळूहळू आक्रसणारी, कडा उचलणारी फिल्म, ‘इम्पोर्टेड रॅप’ म्हणून गळ्यात मारायची, पैसे मोजून घ्यायचे आणि किल्ली परत देताना एक शब्द बोलायचा नाही. कड उचलली की मेण आत शिरतं आणि तिथून ते निघत नाही. “यावर मेण नको, पॉलिश नको, ब्रशवालं मशीन नको”, तीन वाक्यं आहेत. ती मराठीत कागदावर छापून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला खर्च नाही. न देणारा कारागीर अर्धंच काम करून पूर्ण पैसे घेतो.

मग गिऱ्हाईक घरी जाऊन स्वतःच उपाय करतं, आणि खरा घात तिथे होतो. रॉकेल, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर. यांनी फिल्म मऊ पडते, फुगते, शाई उतरते, कडेचा गोंद सुटतो. टूथपेस्ट तर त्याहून वाईट, कारण तिच्यात घासणारी पूड असते. जोर लावून घासलं की उंचवट्यांची टोकं झिजून सपाट होतात. खळग्यांत भरलेलं मेण काढता येतं. झिजलेले उंचवटे परत येत नाहीत. पाट्याला पुन्हा टाकी लावता येते, फिल्मला लावता येत नाही. हा फरक कळला नाही म्हणून सुधारण्यासारखं ग्राफिक लोक कायमचं घालवतात.

करायचं ते असं. गाडी सावलीत घ्या, बोनेट थंड होऊ द्या. साध्या कार शाम्पूने धुऊन धूळ घालवा, नाहीतर तीच फडक्याखाली घासली जाईल. गरम पाण्यात पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं डागावर थोडा वेळ ठेवा. मेण सैल पडतं, ते टिपून घ्या. टिपा, रगडू नका. फडक्याची बाजू सारखी बदला, नाहीतर काढलेलं मेण परत तिथेच पसरतं. त्यानेही गेलं नाही तर दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक भाग पाणी. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघा. ते फडक्यावर घ्यायचं, फिल्मवर ओतायचं नाही, आणि काम झालं की लगेच साध्या पाण्याने धुवायचं. अक्षरांच्या कडांतल्या रेघेसाठी अगदी मऊ ब्रश, कडेच्या दिशेने, कडेच्या आत नाही. ग्राफिक छापील असेल आणि वर लॅमिनेशन नसेल तर अल्कोहोल शाईसुद्धा उचलतं. तेव्हा ज्याने लावलं त्याला आधी विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर पुढचं काम त्याला देऊ नका.

ओलेपणी डाग गेल्यासारखा वाटतो. पूर्ण वाळल्यावर उन्हात तिरपं बघा, मग ठरवा. पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करा, पण हाताचा जोर वाढवू नका.

एवढं करूनही चट्टा चमकतच राहिला, तर ती जागा घासून मेलेली आहे. तिथे फिल्म उतरवायची, गोंद साफ करायचा, पत्र्यावरचं मेण आणि सिलिकॉन शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं, कारण त्यावर नवी फिल्म धरत नाही, आणि मग नवा पट्टा लावायचा. हे दिवसभराचं काम आहे आणि ते फुकट होत नाही. असं काम आलं की मी आता बिल दोन प्रतींत करतो. एका प्रतीवर डागाचे फोटो आणि मेण कुठे लावलं गेलं ते लिहून सही करतो, आणि ती प्रत वॉशिंग सेंटरच्या मालकासमोर ठेवा म्हणून गिऱ्हाइकाला देतो. पैसे द्यायचे की नाहीत, ते त्याने गाडीमालकाच्या तोंडावर सांगावं.