डासांचीही झडती घ्या

हिवतापाचा रुग्ण सापडला की यंत्रणेचा क्रम ठरलेला असतो. शेजारपाजाऱ्यांचे रक्तनमुने, गोळ्यांचे वाटप, धूरफवारणी आणि फवारणीचे छायाचित्र. त्या घरातल्या भिंतीवर बसलेला डास हिवतापाचे जंतू बाळगून आहे का, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

वास्तविक हिवतापाचे गूढ डास फाडूनच उकलले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना रुग्णाला चावलेल्या अॅनॉफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी दिसला. आजही तपासणीचे मूळ तंत्र तेच आहे. मिठाच्या पाण्याच्या थेंबात डासाची मादी ठेवायची, एका सुईने धड दाबून दुसऱ्या सुईने मुंडके अलगद ओढायचे. त्याबरोबर लाळग्रंथी बाहेर येतात. काचेखाली त्या दाबल्या आणि सूक्ष्मदर्शकात बारीक, बाकदार धाग्यांसारखे स्पोरोझोइट, म्हणजे परजीवीची रोग देणारी अवस्था, दिसले, की ही मादी रोग देऊ शकते हे नक्की. आता एलायझा आणि पीसीआर चाचण्याही आहेत. त्यांत एका वेळी पुष्कळ डास तपासून होतात.

हा खटाटोप कशासाठी? कारण नुसती डासांची संख्या फसवते. आपल्या खेड्यांत आढळणाऱ्या अॅनॉफिलिस क्युलिसिफेसिसच्या दिसायला हुबेहूब अशा पाच भगिनी-जाती आहेत आणि त्यातली ‘बी’ रोग पसरवण्याच्या कामी बहुतेक ठिकाणी कुचकामी ठरते. उलट, गोव्यात सबपिक्टस या जातीच्या डासातही माणसाच्या हिवतापाचे परजीवी मिळाले. मुंबईचा धडा तर शंभर वर्षांहून जुना. खरा वाहक अॅनॉफिलिस स्टीफेन्सी विहिरी-टाक्यांत वाढतो हे ध्यानात आले, म्हणून १९११ च्या बेंटली अहवालाने विहिरींवर बोट ठेवले. शत्रू कोण हे न कळता केलेली फवारणी म्हणजे अंधारात मारलेली काठी.

अडचण एवढीच, की आपल्याकडे शंभर डास तपासूनही एकात जंतू सापडेलच असे नाही. म्हणून दहा-वीस डास पाहून ‘सर्व ठीक’ असा शेरा मारण्यात अर्थ नाही. पहाटे विजेरी घेऊन घराघरांत, गोठ्यांत डास पकडणारा कीटक समाहारक लागतो, आणि तोही वर्षभर. फाइलीत ते पद असून भागत नाही. त्यावर माणूस हवा.

देशाला २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करायचा आहे. रुग्ण जसजसे घटतील तसतसा रक्तनमुन्यांतून मिळणारा इशारा क्षीण होत जाईल. तेव्हा प्रत्येक जिल्ह्याने रुग्णसंख्येबरोबर डास-तपासणीचे आकडेही दरमहा जाहीर करावेत, आणि त्यासाठी आधी कीटक समाहारकांची रिकामी पदे भरावीत.