बिननावाचा गुलाब

जानेफळच्या आमच्या जुन्या घराच्या परसात, विहिरीच्या कडेला एक गुलाब आहे. आत्याच्या लग्नाच्या आधीपासूनचा, म्हणजे निदान पन्नास वर्षांचा. गुलाबी रंग, सैल पाकळ्या, सकाळी घमघमाट आणि दुपारी पाकळ्यांचा सडा. घरात त्याला 'आपला गुलाब' याखेरीज नाव नाही. मागील वर्षी भाच्याने मोबाइलवर तीन छायाचित्रे काढून त्याचे नाव विचारले, तेव्हा तीन छायाचित्रांना तीन नावे मिळाली. तिन्ही युरोपीय आणि तिन्ही भारदस्त. भाचा खूश झाला. मी मात्र अस्वस्थ झालो.

गुलाब ओळखणे म्हणजे फुलाचा चेहरा ओळखणे नव्हे. काट्यांची ठेवण, पानाचा पोत, कळीबाहेरच्या निदलांच्या कडा, फळ धरते की नाही, बहर वर्षातून एकदा की पुन्हा पुन्हा, झुडपाचा बांधा, हे सारे निदान वर्षभर पाहावे लागते. एका छायाचित्रात यातले फार थोडे येते. आपल्याकडे आणखी एक गुंता असतो. गुलाब खुंटावर डोळा भरून केलेला असेल आणि डोळा मरून खुंटच फुटला असेल, तर आपण कित्येक वर्षे खुंटालाच पाणी घालत असतो. 'पाच पानांचा तो कलमी, सात पानांचा तो रानटी' ही सांगोवांगीची कसोटी यात कामास येत नाही, कारण कित्येक उत्तम जातींनाही सात पर्णिका असतात.

आमच्या गुलाबाविषयी माझा कयास 'एडवर्ड'चा आहे. चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब यांच्या संकरातून रियुनियन बेटावर, म्हणजे पूर्वीच्या बूर्बाँ बेटावर, उद्भवलेल्या कुळातला हा गुलाब. मूळ फ्रेंच 'एदुआर'चे आपल्याकडे 'एडवर्ड' झाले. तो सुवासासाठीही लावतात आणि खुंट म्हणूनही वापरतात. दमास्क मुख्यतः एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडी बहरतो. आमचा पावसाळ्यानंतरही फुलतो. एवढ्यावरून दमास्क बाजूला सारता येईल, पण 'हा एडवर्डच' असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कयास तो कयासच.

कोणी म्हणेल, नावावाचून काय अडले? गुलकंद तर होतोच ना! मला हे पटत नाही. डॉ. बी. पी. पाल यांनी घडवलेले 'दिल्ली प्रिन्सेस' किंवा 'डॉ. होमी भाभा' हे गुलाब आज नावानिशी ओळखता येतात, कारण कोणीतरी त्यांची नोंद ठेवली. कुंपणावरून शेजारणीने दिलेल्या फांदीची नोंद कोणी ठेवत नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते तोडताना हात अडखळत नाही. नावाचे मोल येथे आहे.

परंतु चुकीचे नाव हे निनावीपणाहून वाईट. निनावी गुलाब निदान प्रश्न जिवंत ठेवतो. चुकीचे नाव तो प्रश्नच मिटवून टाकते. शिवाय नावे स्वतःही भटकतात. हिंदीत 'सेवती' म्हणजे पांढरा गुलाब. आपली 'शेवंती' मात्र निराळेच फूल. तज्ज्ञांनाही आपली समजूत बदलावी लागते. दमास्क गुलाबाच्या आईबापांविषयी दीर्घकाळ तर्क चालले होते. 2000 साली जपानी संशोधकांनी जनुकीय तपासणीतून दाखवले की त्याच्या वंशात दोन नव्हे, तीन जाती आहेत.

मग करावे काय? बर्म्युडा आणि टेक्सासमधील जुन्या गुलाबांच्या शोधकांनी एक प्रामाणिक वाट काढली आहे. मूळ नाव कळेपर्यंत झाड जेथे सापडले त्या जागेचे किंवा घराचे नाव त्याला तात्पुरते द्यायचे. टेक्सासमध्ये एका रस्त्याच्या नावाने 'केटी रोड पिंक' म्हणून ओळखला जाणारा गुलाब पुढे ग्रिफिथ बक यांचा 'केअरफ्री ब्यूटी' निघाला. तात्पुरत्या नावाने खऱ्या नावाची वाट अडवली नाही. उलट तोवर झाड सांभाळले.

आमच्या परसाची आता वाटणी झाली आहे. विहिरीकडची बाजू चुलतभावाकडे गेली असून उन्हाळ्यात तेथे बांधकाम सुरू व्हायचे आहे. त्याचा काही दोष नाही. त्याला घर हवे आहे. म्हणून या हिवाळ्यात मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या बारा काड्या काढून पिशव्यांत लावल्या. प्रत्येक पिशवीला पत्र्याची पट्टी बांधली आणि तिच्यावर खिळ्याने कोरले: 'जानेफळ, विहिरीकडचा'. भाच्याने मोबाइलवर मिळालेली तीन नावेही लिहायला सांगितली. ती मी वहीत लिहिली, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह घालून. आत्याकडे एक पिशवी पोहोचली, तेव्हा तिने पट्टी न वाचताच पान चुरडून हुंगले आणि म्हणाली, "आपलाच गं बाई!"

ही ओळख शास्त्राच्या वहीत बसणार नाही. तरीही वहीत तिची एक ओळ मी राखून ठेवली आहे.