करुणेचा नियम आणि गरिबाचे पोर

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न निघाला की दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, मारून टाका. दुसरा म्हणतो, हात लावू नका. दोन्ही पक्ष बहुधा शहरातले असतात आणि दोघांच्याही घराला फाटक असते. ज्याच्या अंगणाला कुंपण नाही, जो पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचायला निघतो, ज्याचे पोर पायी शाळेत जाते, त्या सालेकसा तालुक्यातील गोंड शेतमजुराला या वादात कोणी विचारीत नाही.

मारण्याचा उपाय नवा नाही. मुंबईत इंग्रज सरकारने कुत्री मारण्यास बक्षीस लावले, त्यावरून १८३२ साली पारशी समाज रस्त्यावर आला. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मुंबईत कुत्री मारली जातच होती. त्याने ती संपली काय? मादी नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोनदा विऊ शकते. आणि उकिरडा जागच्या जागी राहिला की रिकाम्या गल्लीत शेजारची कुत्री येतात. कत्तलीने संख्या घटत नाही, फक्त कुत्री बदलतात.

या अनुभवातूनच दुसरा मार्ग निघाला : पकडणे, नसबंदी करणे, रेबीजची लस टोचणे, ओळखीसाठी कानाला खाच पाडणे आणि त्याच जागी परत सोडणे. २००१ च्या नियमांनी तो देशभर मान्य केला, २०२३ च्या नियमांनी तो पक्का केला. परत सोडण्यामागे भाबडी भूतदया नाही. लस टोचलेले कुत्रे आपल्या हद्दीत परक्याला सहजी शिरू देत नाही. गावाभोवतीचा तो जिवंत बांध होय. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शंभरातील दहा-वीस धरून छायाचित्र काढल्याने ती तुटत नाही.

मार्ग योग्य आहे. खोट आहे ती राज्यकर्त्यांच्या दानतीत. नियमाने भार टाकला स्थानिक स्वराज्य संस्थांवर. त्यासाठी शस्त्रक्रियागृह हवे, प्रशिक्षित पशुवैद्य हवा, पिंजरे हवेत, मान्यताप्राप्त संस्था हवी. मुंबई-पुण्याच्या महापालिका हे उभे करू शकतात. छत्तीसगडच्या सीमेवरील आदिवासी तालुक्याची नगरपंचायत हे कोणत्या उत्पन्नातून करणार? कर्तव्य खाली ढकलायचे आणि तिजोरीची किल्ली वर ठेवायची, हा कुठला न्याय?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवावीत आणि तेथे परत सोडू नयेत, असा आदेश दिला. पोरांच्या जिवाची चिंता रास्तच आहे. परंतु निवारा नसेल तेथे ‘हलविणे’ म्हणजे काय? रात्री गाडीत भरून दरेकशाच्या जंगलाकडे सोडून देणे! मग तीच कुत्री चितळांच्या पाडसांमागे लागतील, रानातल्या प्राण्यांना रोग देतील, आणि त्यांच्या मागावर बिबट्या वस्तीत येईल. शहराच्या समाधानाची किंमत पुन्हा रानाकाठचा माणूसच मोजील.

रेबीजची लक्षणे दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून चावा बसताच लस घ्यावी लागते, आणि लसीच्या चार खेपा म्हणजे मजुराच्या चार दिवसांची रोजी बुडणे. ही बुडीत रोजी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. खर्च राज्याने उचलावा. शस्त्रक्रियेची फिरती गाडी तालुक्यातालुक्यात जावी. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी दरवर्षी गावोगाव कुत्र्यांना लस टोचावी. ग्रामीण रुग्णालयात माणसांची लस आणि सीरम दोन्ही कायम असावीत, उकिरडे उचलले जावेत. एवढे करण्याची तयारी नसेल, तर सरकारने करुणेची भाषा बोलू नये. ज्या करुणेला पैसा मंजूर होत नाही, तिची किंमत गरिबाचे पोर देते.