पाची बोटांचा दाखला

समानतेचा विषय निघाला की कोणीतरी पंजा पसरून दाखवतो. "हाताची पाचही बोटे सारखी नसतात," असे म्हणतो आणि वाद संपला असे समजतो. अलीकडे एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्याने हेच केले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमुळे हा लेख लिहावा लागत आहे.

वक्त्याचे म्हणणे थोडक्यात असे. निसर्गानेच माणसे उंच-ठेंगणी, हुशार-मंद, कष्टाळू-आळशी घडवली आहेत, त्यामुळे समानता हे दुबळ्यांचे स्वप्न आहे. ज्यांनी ती आणायचा प्रयत्न केला त्यांनी रक्ताचे पाट वाहवले. आरक्षणाने गुणवत्तेचा गळा घोटला. आणि राज्यघटनेने सगळ्यांना समान केलेच आहे, मग आता ओरड कशाची? म्हणजे तासाभराच्या एकाच भाषणात समानता अशक्यही ठरली आणि मिळून गेलेलीही ठरली.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. रशियात रक्तपात झाला हे खरे, पण तिथे पक्षाच्या बड्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी दुकाने होती. तो दाखला समानतेच्या अपयशाचा नाही, तिच्याशी झालेल्या दग्याचा आहे. गुणवत्तेचा कैवार घेणाऱ्यांनी खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत पैशाच्या बळावर मिळणाऱ्या जागांवर कधी एक सभा घेतली आहे का? आणि आळस हा गरिबांचा गुणधर्म आहे, हे ऊसतोडीच्या फडात पहाटे चार वाजता उभ्या राहिलेल्या बाईसमोर जाऊन सांगावे.

आता बोटांकडे वळू.

बोटे सारखी नसतात हे कोणीच नाकारत नाही. करंगळी मधल्या बोटाएवढी व्हावी, असे समतेच्या कोणत्याही पुरस्कर्त्याने कधी मागितलेले नाही. मराठीत 'सारखा' आणि 'समान' हे दोन शब्द आहेत, आणि वक्त्याने एकाच्या जागी दुसरा सरकवला. सारखेपण अंगाचे, रूपाचे, कुवतीचे असते. समानता हक्काची आणि मानाची असते. शिवाय दाखला हाताचा द्यायचा तर तो पुरा द्यावा. करंगळी लहान म्हणून शरीर तिचे रक्त तोडत नाही. करंगळीला काटा बोचला तरी सगळा हात झटक्यात मागे येतो. आणि भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवताना बोटे वाकतात, त्यांची टोके एका ठिकाणी येतात, तेव्हाच घास तोंडाशी जातो. ज्या हाताने विषमता सिद्ध करायला निघाले, तो हात रोज दोन वेळा उलटी साक्ष देतो.

पण खरा प्रश्न त्याही पुढचा आहे. ज्या विषमतेने माणसे होरपळली ती निसर्गाने केली होती की माणसांनी? याचे उत्तर महाडला मिळते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्यांसारखी सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना कागदावर खुली झाली. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच बंद राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला जमलेल्या हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले. पुढे तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

त्या घागरींकडे नीट पाहा. त्याच तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री पीत, इतर धर्मांची माणसे पाणी भरत. त्याने तळे बाटत नव्हते. ते बाटले फक्त काही विशिष्ट माणसांच्या ओंजळीने. कोणाची ओंजळ चालणार आणि कोणाची नाही, हे पाण्याने ठरवले नव्हते, निसर्गानेही ठरवले नव्हते. ते गावातल्या घरांमधून ठरले होते, आणि ते टिकवण्यासाठी माणसांना घागरी उचलाव्या लागत होत्या, लाठ्या उचलाव्या लागत होत्या, कोर्टाची पायरी चढावी लागत होती. निसर्गाने केलेल्या भेदाला एवढी मजुरी लागत नाही. करंगळी लहान राहावी म्हणून तिच्यावर कोणी पहारा बसवत नाही.

तळे आपलेच असा दावा घेऊन सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. ज्या गोष्टीला 'सनातन' म्हणून छातीठोकपणे सांगितले जात होते, तिच्या वयाचा पुरावा मागितल्यावर तो निघाला नाही. फक्त एवढे ठरायला दहा वर्षे गेली. ही दहा वर्षे पाणी मागणाऱ्यांनी काढली, अडवणाऱ्यांनी नव्हे.

इथे जुन्या एका वादाची आठवण येते. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, यावर एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्राने रकानेच्या रकाने भरले. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांवरून बारावर नेणारा कायदा आला, तेव्हा धर्म बुडणार अशी हाकाटी झाली. समाजाची अजून तयारी झालेली नाही, असेही सांगण्यात आले. दहा वर्षांच्या मुलीची तयारी झाली आहे का, हे विचारायला त्या वादात फारसे कोणी थांबले नाही. बोटांचा दाखला देणारे त्याच परंपरेतले आहेत. ज्याच्या अंगावर ओझे आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांच्या सोयीची चौकशी ते करतात.

निसर्गाचा मुद्दा खोडायला आणखी एक हिशेब पुरेसा आहे. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांपैकी नऊही साक्षर नव्हत्या. २०११ मध्ये हे प्रमाण पासष्टवर गेले. साठ वर्षांत बायकांचा मेंदू बदलला नाही. शाळेचे दार बदलले. १८४८ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हाही विरोधकांनी स्त्रीच्या उपजत कुवतीचीच भाषा केली होती.

मग समानता म्हणजे काय? कायदा सगळ्यांना एकच असावा. मत एकाचे एकच असावे आणि त्याची किंमतही एकच. शिक्षण, पाणी, औषध, रस्ता यांच्या दारात कोणाला कूळ विचारले जाऊ नये. आणि कोणत्याही माणसाला दुसऱ्यासमोर आपण कमी आहोत, अशा रीतीने बसावे, प्यावे, बोलावे लागू नये. पगार, हुशारी, कर्तबगारी यांत फरक राहतील आणि राहोत. समतेचा त्यांच्याशी झगडा नाही.

ती मिळते का? तुकड्यातुकड्याने मिळते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदारांना मताचा हक्क मिळाला, निरक्षरांना आणि स्त्रियांनाही. स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना देशपातळीवर तो मिळायला १९७१ उजाडले. आपल्याकडेही ते सोपे गेले नाही. प्रामुख्याने उत्तरेकडच्या राज्यांत बायका स्वतःचे नाव सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगत. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून वगळावी लागली. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यातल्या बऱ्याच जणींनी आपले नाव सांगितले. मतदान केंद्रावर शाई लावली जाते ती प्रत्येकाच्या एकाच बोटाला, मग ते बोट लांब असो की आखूड.

कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा तिथे कोणी फिरकेना. शाहू महाराज त्या दुकानासमोर गाडी थांबवत, चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही तो प्यायला लावत. त्याच महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. हुकूमनाम्याने नोकरीचे दार उघडले. पण शेजारी बसून चहा प्यायची पंगत हुकुमाने भरली नसती. त्यासाठी स्वतः कप हातात घ्यावा लागला.

हेच काम अजून उरले आहे. माणसाकडून मैला उचलून घेण्यास १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा झाला, आणि तरी माणसे गटारात उतरून गुदमरून मरतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. कायदे आहेत. त्यांचे महाडच्या १९२४ च्या ठरावासारखे झाले आहे.

आणि गटारापर्यंत जायचीही गरज नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाकीच्या भांड्यांपासून दूर, कामाला येणाऱ्या बाईंची एक कपबशी पालथी घातलेली असते. कान तुटलेला कप आणि दुसऱ्याच सेटमधली बशी. खाली जिन्यापाशी 'कामवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये' अशी पाटी असते. त्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी हे दोन्ही असेल. वाचकांच्या घरीही असेल. ती कपबशी आज बाकीच्या भांड्यांत ठेवा, बाईंना आपल्याच कपातून चहा द्या. सोसायटीच्या पुढच्या सभेत ती पाटी काढण्याचा ठराव मांडा. आणि ठराव मंजूर झाला की तो दप्तरात जाण्याआधी, त्याच संध्याकाळी, पाटी भिंतीवरून उतरवा.