पुराचा अंदाज धरणाला, नोटीस वस्तीला



दरवर्षी मे महिना सरत आला की इंदिरानगरच्या खालच्या अंगाला, नासर्डीच्या काठावरच्या वस्तीत दारांवर कागद चिकटवले जातात. मजकूर ठरलेला. तुम्ही पूररेषेच्या आत राहता, पावसाळ्यापूर्वी सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करा, न केल्यास होणाऱ्या जीवित वा वित्तहानीला प्रशासन जबाबदार राहणार नाही. सुरक्षित ठिकाण कोणते, ते कागदावर नसते. पाणी कधी येईल, किती येईल, कोणत्या गल्लीत आधी शिरेल, तेही नसते. या वस्तीत आम्ही अभ्यासिका आणि बचत गटाच्या कामासाठी बरीच वर्षे जातो. एका घराच्या दारावरचे नोटिसांचे थर एकदा मोजले, चार निघाले. त्या घरातली माणसे १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून नाशकात आलेली. पाणी नाही म्हणून निघाली आणि पाण्याच्या तोंडाशी येऊन राहिली, कारण शहरात त्यांच्यासाठी तेवढीच जागा उरली होती.

काही वर्षांपूर्वीची ऑगस्टमधली एक रात्र सांगतो. दुपारपासून मोबाइलवर ऑरेंज अलर्ट फिरत होता. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवणार, गोदाकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असा निरोप सगळ्या ग्रुपवर आला. आमचे कार्यकर्तेही गोदाघाटाकडे धावले. तिथे पोलीस होते, दोर होते, अग्निशमन दलाची गाडी होती, कॅमेरे होते. आणि पाणी घरात शिरले ते इकडे, नासर्डीचे. सातपूर-अंबडकडे दोनेक तास कोसळलेला पाऊस रात्री वस्तीच्या खालच्या दोन ओळींत कमरेइतका होऊन आला. कोणाचा जीव गेला नाही. रेशन गेले, एक शिलाई मशीन गेली, दहावीतल्या मुलीचे दप्तर गेले. आणि एका घरातली पत्र्याची पेटी गेली, तिच्यात आजोबांच्या शाळेचा दाखला होता. १९५० पूर्वीचा पुरावा. तो नसेल तर जातीच्या दाखल्यासाठी किती उंबरे झिजवावे लागतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्या रात्री वस्तीला वेळेत उठवले ते एका आजींनी. नाल्यात कारखान्याचा फेस आणि प्लास्टिकच्या बाटल्या एकदम वेगाने यायला लागल्या की वर पाऊस झाला, असा त्यांचा हिशोब. त्यांनी थाळी वाजवली, पोरांनी म्हाताऱ्यांना वर काढले. पुढे पंचनाम्यासाठी एका कार्यालयात गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "इशारा दिला होता की." आम्ही विचारले, "कोणत्या नदीचा?" त्यांनी फाइल बंद केली.

आमचा सगळा मुद्दा या एका प्रश्नात आहे. म्हणून इशारा तयार कसा होतो, हे चळवळीतल्या तरुणांनी एकदा समजून घ्यावे. नुसते "प्रशासन झोपले होते" म्हणून भागत नाही. प्रशासन झोपलेले नव्हते, ते दुसरीकडे पाहत होते.

भारतीय हवामान विभाग पाऊस सांगतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. त्यावर पिवळा, नारिंगी, लाल असे रंग चढतात. हा रंग साधारण जिल्ह्यावर पसरतो. नाशिक जिल्हा म्हणजे एकीकडे इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा घाटमाथा आणि दुसरीकडे येवला-नांदगावचा कोरडा पट्टा. घाटाचा इशारा हल्ली वेगळा देतात, हे मान्य. पण शहराच्या आत कोणत्या ओढ्यावर किती कोसळेल, हे त्या रंगातून कळत नाही. मुंबईने हे २६ जुलै २००५ ला भोगले. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही नाही. मिठीकाठचे लोक बुडाले तेव्हा दक्षिण मुंबईत लोक छत्री घेऊन फिरत होते.

धरण सांभाळतो तो जलसंपदा विभाग. गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणे आहेत. कोणत्या तारखेला धरण किती भरलेले असावे, याचे वेळापत्रक असते. येणारे पाणी त्याच्या पुढे जाऊ लागले की दरवाजे उचलतात आणि विसर्ग जाहीर होतो, क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. वीस हजार क्युसेक सोडले, असे ऐकून कोणत्या आईला कळणार की पोरांना आता उठवायचे की पहाटे?

तिसरा केंद्रीय जल आयोग. त्याचे पूर अंदाजाचे काम नोव्हेंबर १९५८ मध्ये दिल्लीत, यमुनेच्या रेल्वे पुलाजवळ सुरू झाले. पद्धत मुळात सोपी. वरच्या ठाण्यावर पाणी इतके चढले, तर खालच्या ठाण्यावर इतक्या तासांनी इतके चढेल, हा अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेला मेळ. आता त्याला पावसाच्या आकड्यांची आणि संगणकावरच्या प्रतिमानांची जोड आहे. गोदावरीवर कोपरगाव, गंगाखेड, नांदेड अशी ठाणी आहेत. लांब नदीवर ही पद्धत चांगली चालते, दिवसभर आधी सांगता येते. आयोगाच्या निकषानुसार पातळीचा अंदाज पंधरा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी तो बरोबर धरला जातो. अभियंत्याच्या दृष्टीने हे उत्तम काम आहे, आम्ही त्याची चेष्टा करत नाही. फक्त एवढेच, की नासर्डीकाठच्या घराचा उंबरठा पंधरा सेंटिमीटरच उंच असतो.

आता यात नासर्डी कुठे बसते? तिच्यावर गंगापूरसारखे धरण नाही, म्हणून विसर्गाची घोषणा नाही. ती लहान आहे. सातपूरकडून येते, मुंबई नाक्याजवळून, इंदिरानगर-वडाळ्याच्या बाजूने जाते आणि टाकळीला गोदावरीला मिळते. वर पाऊस पडल्यापासून खाली पाणी चढायला तास-दोन तास पुरतात, त्यामुळे ठाण्यावरून ठाण्याचा मेळ इथे चालत नाही. मग उपायच नाही का? आहे. पाणलोटात आपोआप नोंद करणारी दोन-चार पर्जन्यमापके, पुलाच्या कठड्याला पातळी मोजणारे यंत्र, आणि ते आकडे वस्तीपर्यंत आणणारा भोंगा. अचानक येणाऱ्या पुरांसाठी दक्षिण आशियाची खास मार्गदर्शन प्रणाली ऑक्टोबर २०२० पासून आपल्या हवामान विभागाकडेच आहे, लहान लहान पाणलोटांचा विचार करणारी. तंत्र आहे, पैसाही आहे. कोणाच्या घरापर्यंत ते आधी न्यायचे, हा निर्णय मात्र तंत्राचा नसतो. आणि तो घेणाऱ्या टेबलाभोवती नासर्डीकाठचे कोणी बसलेले नसते.

नाशिककरांना पूर मोजायचे एक जुने माप ठाऊक आहे, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायाशी, कमरेशी, छातीशी, गळ्याशी. वर्तमानपत्रे आजही अशीच बातमी देतात. आम्ही बौद्ध, मूर्तीपुढे हात जोडणारे नाही. पण मोजपट्टी म्हणून हा मारुती क्युसेकपेक्षा शंभर पटीने चांगला, हे सांगायला आम्हाला लाज वाटत नाही. कमरेपर्यंत पाणी म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळते. पण हे माप आहे रामकुंडाजवळ. ज्या घाटापासून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांनी २ मार्च १९३० पासून सत्याग्रह केला, त्या घाटावर पाण्याचा हिशोब ठेवणारा देव आहे. इंदिरानगरच्या खाली साधी रंगवलेली पट्टी नाही.

आता निळ्या रेषेकडे येऊ. निळा रंग आपला, पण नकाशावरची निळी रेषा आपल्या घरांवरून जाते. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर नाशकात पूररेषा आखल्या गेल्या. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोघींच्या मधे नियंत्रित. शास्त्र म्हणून हे योग्यच आहे, नदीला जागा लागते. पण ही रेषाही एक अंदाजच आहे ना? मग एका माणसाला त्या अंदाजातून सूचना मिळते आणि दुसऱ्याला गुन्हा, हे कसे? रेषेत प्लॉट अडकला की बांधकाम व्यावसायिक रेषाच पुन्हा आखा म्हणतात आणि त्यांच्या मागणीवर चर्चा होते. रेषेत झोपडी अडकली की तिला अतिक्रमण म्हणतात. ज्या रेषेने वस्तीला पुनर्वसनात पहिला क्रमांक मिळायला हवा होता, तिच्यानेच तिचा हक्क पुसला जातो.

"नदीत घरे बांधली कशाला?" हा प्रश्न आमच्या नातेवाइकांनीही विचारला आहे, फ्लॅटमध्ये गेलेल्या आपल्याच माणसांनी. त्यांना उलट विचारतो. गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर कोणी टाकली? चांगली जमीन सोडून उताराची, ओढ्याची जागा आपण हौसेने निवडली होती का? शहराने तेच केले, फक्त जात न विचारता भाडे विचारले. नासर्डीकाठच्या वस्तीत फिरा आणि घराघरांतली आडनावे ऐका, मग सांगा हा निव्वळ गरिबीचा प्रश्न आहे का.

कायद्याकडे पाहा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ६१ सांगते की आपत्तीग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. चांगले कलम आहे. पण ते सुरू होते पाणी ओसरल्यावर. पाणी येण्याआधी इशारा कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, या भेदभावावर त्यात शब्द नाही. बुडाल्यावर समान, बुडण्याआधी नाही. संविधानाच्या कलम २१ मधला जीविताचा हक्क वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यापासून सुरू होतो असे आम्ही मानतो, आणि हे म्हणणे कधीतरी न्यायालयापुढे जायला हवे.

यंत्रणेचे दोष आम्हीच काढतो असेही नाही. २०१७ मध्ये कॅगने पूर नियंत्रण आणि पूर अंदाजाच्या योजनांचा लेखाजोखा संसदेपुढे ठेवला. देशातल्या ४,८६२ मोठ्या धरणांपैकी फक्त ३४९ धरणांचे आपत्कालीन कृती आराखडे तयार होते. ऑगस्ट २०२३ मध्ये जल आयोगाने फ्लडवॉच नावाचे अ‍ॅप काढले, तेव्हा माहिती दोन भाषांत होती, इंग्रजी आणि हिंदी. कृष्णा, गोदावरी, भीमा जिच्यातून वाहतात ती मराठी त्यात नव्हती.

आणि आता थोडे आपल्याबद्दल. दर १४ एप्रिलला "केंद्रीय जल आयोग बाबासाहेबांनी स्थापन केला" ही पोस्ट आपण पुढे ढकलतो. नेमके सांगायचे तर बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते, आणि त्यांच्या खात्याच्या पुढाकाराने एप्रिल १९४५ मध्ये जो केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौवहन आयोग उभा राहिला, तोच पुढे आजचा जल आयोग झाला. १९४३ ला दामोदरच्या पुराने बंगालची दैना केली, तेव्हा त्यांनी नुसते बांध घालण्याचा जुना मार्ग नाकारून संपूर्ण खोऱ्याचा विचार पुढे आणला. जानेवारी १९४५ ची कलकत्त्याची आणि नोव्हेंबर १९४५ ची कटकची परिषद वाचा. जास्तीचे पाणी म्हणजे संकट, ते लवकर समुद्रात घालवा, या समजुतीवरच त्यांनी कटकला बोट ठेवले. पाणी ही संपत्ती आहे, ती माणसांच्या कामी लावा, हा त्यांचा आग्रह होता. हा वारसा सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी पावसाळ्यात जल आयोगाचे पानभर निवेदन उघडून पाहिले? आम्हीही परवा-परवापर्यंत पाहिले नव्हते. पूर आला की आपण चादरी, बिस्किटे, खिचडी घेऊन धावतो, फोटो काढतो. खिचडी वाटायलाच हवी. पण पाण्याचे आकडे "त्यांच्या" अभियंत्यांवर सोडून आपण फक्त खिचडी वाटत राहिलो, तर दरवर्षी खिचडीच वाटत राहू.

म्हणून यंदा आम्ही तीन अर्ज केले आहेत. नासर्डीवर पातळी आणि पाऊस मोजायची काय सोय आहे आणि तिचे आकडे कोण पाहतो, हे माहिती अधिकारात विचारले. नोटिशीवर निवाऱ्याचे नाव, अंतर आणि किल्ली कोणाकडे आहे ते लिहा, अशी मागणी केली. तिसरा अर्ज पुलाच्या खांबावर पट्टी रंगवायच्या परवानगीचा: पाणी या खुणेला आले की खालची ओळ हलवायची, त्या खुणेला आले की मधली. खुणा कुठे हव्यात ते त्या आजी आणि २००८ चे पाणी पाहिलेले आणखी पाच-सहा जण दाखवणार आहेत. वरच्या अंगाला, सातपूरकडे राहणाऱ्या आपल्या मुलांचा एक ग्रुप केला आहे. तिकडे जोर धरला की खाली फोन यायला हवा. त्यात अजून रात्रपाळीची माणसे कमी पडतात. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या भीमसैनिकांनी नावे द्यावीत.

पुलाची परवानगी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आली नाही, तर पट्ट्या वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर काढू. रविवारी सकाळी आठ वाजता अभ्यासिकेजवळ या, ब्रश आणि जुने कपडे घेऊन.