विश्लेषण : क्राफ्ट बीअर म्हणजे काय? तुमच्या ग्लासात नेमके किती अल्कोहोल असते?

पुण्या-मुंबईतील मायक्रोब्रुअरीत गेल्यावर भिंतीवरच्या फळ्यावर हेफेवायझन, आयपीए, स्टाऊट अशी नावे दिसतात. वेटरला हमखास विचारला जाणारा प्रश्न मात्र एकच, ‘यातली कडक कोणती?’ प्रश्न चुकीचा नाही. घोळ उत्तरात असतो, कारण बहुतेक जण ते बीअरच्या रंगावरून किंवा कडूपणावरून ठरवतात.

क्राफ्ट कशाला म्हणायचे?

ढोबळमानाने, मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या लहान ब्रुअरीने चवीवर भर देऊन बनवलेली बीअर. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनची व्याख्या अधिक काटेकोर आहे : वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन आणि बाहेरच्या मद्य कंपनीची मालकी २५ टक्क्यांहून कमी. ६० लाख बॅरल म्हणजे सुमारे ७० कोटी लिटर, यालाही तिथे ‘लहान’ म्हणतात! आपल्याकडची मायक्रोब्रुअरी त्यापुढे अगदीच चिमुकली. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डूलाली’ ही देशातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आले. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत अडकलेले ब्रिटिश सैनिक कंटाळून भ्रमिष्ट होतात, अशी ख्याती होती. त्यातूनच इंग्रजीत वेडसर माणसासाठी ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला.

बीअर बनते कशी?

घटक चारच : पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवून, मोड आणून वाळवतो. तसेच जवाचे केले की माल्ट तयार होते. मोड येताना धान्यात विकरे (एन्झाइम) तयार होतात. भरडलेले माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले की ही विकरे पिष्टाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून हॉप्सच्या फुलांसह उकळतात. हॉप्स लवकर टाकले तर कडूपणा जास्त उतरतो, शेवटी टाकले तर सुगंध. मग ते थंड करून यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते.

सगळा फरक इथेच पडतो. एलचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांत काम करते आणि फळांसारखे गंध देते. लागरचे यीस्ट थंडाव्यात, सावकाश काम करते, म्हणून चव स्वच्छ राहते. हेफेवायझन या गव्हाच्या बीअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळे असते ना लवंग. ती करामत यीस्टची. ही बीअर गढूळ दिसते म्हणून परत पाठवू नका, ती तशीच असते. आंबट नसायला हवी अशी बीअर व्हिनेगरसारखी लागली किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर मात्र जरूर परत पाठवा.

काळी बीअर म्हणजे कडक?

नाही. काळा रंग भाजलेल्या धान्याचा. कॉफीच्या बिया जास्त भाजल्या की काळ्या होतात, तसेच हे. आयर्लंडची प्रसिद्ध गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट असते, पण तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्क्यांच्या आसपास. उलट सोनेरी रंगाची, किंचित गोडसर बेल्जियन बीअर ८ टक्क्यांची असू शकते. कडूपणाही खूण नव्हे. तो हॉप्सचा असतो आणि ‘आयबीयू’ या वेगळ्या एककात मोजतात.

मग हिशेब कसा करायचा?

मिलिलिटर गुणिले टक्के. ५ टक्क्यांच्या ५०० मिली मगमध्ये २५ मिली शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग ४२.८ टक्के धरला तर त्यात सुमारे १३ मिली. म्हणजे एक मग जवळपास दोन छोट्या पेगांइतका. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिली बाटलीत ५२ मिली, म्हणजे चार पेग. ‘बीअरच तर आहे’ म्हणत गाडीची किल्ली उचलणाऱ्यांनी ही बेरीज एकदा फोनवर करून पाहावी.

बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, ग्लासवर नसते. काही ठिकाणी फळ्यावर टक्के लिहितात, काही ठिकाणी फक्त बीअरचे गमतीदार नाव. चारशे-पाचशे रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला प्रत्येक नावापुढे टक्के आणि मिली दिसलेच पाहिजेत. हे नियमानेच बंधनकारक असावे, मालकाच्या मर्जीवर सोडू नये. सध्या विचारण्याची जबाबदारी ग्राहकावरच आहे. ‘एबीव्ही किती?’ एवढे विचारले तरी पुरते.

मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळले की वाहन चालवणे गुन्हा ठरतो, मग ते व्हिस्कीतून आलेले असो वा गव्हाच्या बीअरमधून. शरीर तासाभरात साधारण एका छोट्या पेगाइतकेच अल्कोहोल निकामी करते. लिंबूपाणी, कॉफी किंवा गार पाण्याने हा वेग वाढत नाही. ती स्ट्राँग बाटली रात्री अकराला संपली, तर हिशेब पहाटे तीनपर्यंत जातो.